बळाची मोजदाद

सुशिक्षित घरांत आंकड्यांना फार मान असतो. मुलाला गणितांत गुण किती पडले हें कळल्यावांचून त्याच्या अभ्यासाची आपल्याला खात्री पटत नाहीं. हीच संवय आतां व्यायामशाळेंतहि शिरली आहे. आमच्या तालमींत "तूं जास्तींत जास्त वजन किती उचलतोस?" असें कोणी कोणाला विचारीत नसे. जोर किती काढलेस, बैठका किती मारल्यास, एवढीच चौकशी होई. बळाची खरी पारख वर्षांतून दोनचार वेळां, जत्रेच्या आखाड्यांत.

माझा भाचा पुण्यास महाविद्यालयांत शिकतो आणि वजनें उचलण्याच्या स्पर्धांत भाग घेतो. या स्पर्धांत प्रकार दोन. स्नॅचमध्यें दांडा जमिनीवरून एकाच झेपेंत डोक्यावर न्यावयाचा. क्लीन अँड जर्कमध्यें आधीं खांद्यावर घेऊन मग वर झोंकावयाचा. दर शनिवारीं कमाल वजन अजमावण्याचा त्यानें परिपाठ ठेवला होता. चार महिने आंकडा जागचा हलला नाहीं. मनगट मात्र दुखूं लागलें. हा खेळच बंद करावा, असें माझ्या बहिणीचें मत. तो मला म्हणाला, "मामा, अजमावल्याशिवाय बळ वाढलें कीं नाहीं तें कळणार कसें?" प्रश्न रास्त होता, म्हणून या विषयावर जें मिळेल तें मीं वाचून काढलें.

त्याच्या बाजूनें एक मोठा साक्षीदार आहे. बल्गेरियाचे शिक्षक इव्हान आबाजिएव्ह आपल्या शिष्यांना जवळजवळ रोज त्या त्या दिवसाच्या कमाल वजनापर्यंत नेत. त्यांच्या हाताखालीं 1972 सालीं म्यूनिच येथें त्या चिमुकल्या देशानें या खेळांत तीन सुवर्णपदकें मिळविलीं. पण हे शिष्य पारखून निवडलेले, आणि खेळ हाच त्यांचा दिवसभराचा व्यवसाय. जे मधेंच मोडून पडले त्यांची गणना विजयाच्या यादींत होत नसते. शिवाय 1988 सालीं सोलच्या ऑलिंपिकमध्यें बल्गेरियाच्या दोघां सुवर्णविजेत्यांच्या तपासणींत निषिद्ध औषध सांपडलें आणि उरलेला संघ स्पर्धा सोडून परतला. तेव्हां पद्धतीचें श्रेय किती आणि औषधाचें किती, हें निवडून काढणें कठीण आहे.

रशियन शिक्षकांचा मार्ग निराळा होता. कमालीच्या साधारण सत्तर ते नव्वद टक्के वजनावर ते बहुतेक काम करवीत. त्यांतील मर्म समजण्यासारखें आहे. ज्याची कमाल शंभर किलो, तो ऐंशी किलो एका दिवसांत वीस वेळां बिनचूक उचलूं शकेल. शंभर किलो मात्र एकदां, फार तर दोनदां. स्नायु वाढतात ते या वीस उचलींनीं. स्नॅचसारख्या कौशल्याच्या प्रकारांत तर फसलेली प्रत्येक उचल शरीराला चुकीचीच वाट शिकविते. स्नायूंच्या मानानें कंडरा सावकाश बळकट होतात. शनिवारीं रुसलेलें मनगट त्यांच्याच वतीनें बोलत होतें!

म्हणून कमालीची खरी कसोटी वर्षांतून तीन-चार वेळां व्हावी आणि ती शक्यतों स्पर्धेंतच व्हावी, असें माझें मत झालें आहे. याचा अर्थ स्पर्धा टाळाव्या असा नव्हे. प्रत्येक प्रकाराला संधि तीनच, आणि एकदां लावलेलें वजन खालीं आणतां येत नाहीं. पहिलें वजन कोणतें मागावें हें कळण्यास तो मंचच चढावा लागतो. मीराबाई चानू यांचे 2016 सालीं रिओ येथें क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले, आणि एकूण वजनाची नोंदच झाली नाहीं. पुढच्याच वर्षीं त्या 194 किलो उचलून जगज्जेत्या झाल्या. 2023 सालीं पॅरिसच्या पात्रतेसाठीं रियाध येथील जागतिक स्पर्धेंत हजेरी सक्तीची होती. थोड्याच दिवसांनीं आशियाई स्पर्धा होत्या; म्हणून बाईंनीं रियाधला शरीराचें वजन तेवढें करविलें आणि दांड्याला हात न लावतां त्या परतल्या. मला तर यांत शहाणपणच दिसतें.

आमच्या सांगलीच्या संकेत सरगरची हकीकत हृदय हेलावणारी आहे. 2022 सालीं बर्मिंगहॅम येथें 139 किलो उचलतांना त्याचें कोपर दुखावलें. तरी तो तिसऱ्यांदा उभा राहिला आणि पुन्हां फसला. एकूण 248 किलो झाले, सुवर्णपदक एका किलोनें हुकलें. त्याला कोणी अविचारी म्हणूं नये. एवढी जोखीम घ्यावी असा दिवस खेळाडूच्या आयुष्यांत फार क्वचित् येतो, आणि तो शनिवारच्या सरावांत येत नाहीं.

नवशिक्यांना हें सारें तितकेंसें लागू नाहीं. पहिल्या वर्षीं वजन जवळजवळ दर आठवड्यास आपोआप चढत असतें. त्यांनीं लहानसहान स्पर्धांना खुशाल जावें, मात्र हुकमी उचलतां येईल एवढेंच वजन आधीं मागावें.