खुर्ची येईपर्यंत दार सोडायचं नाही

बंगळूर,
रविवार दुपार

ती. ताईस,


‘आईची व्हीलचेअर बुक केली, आता काळजी नाही’ असा तुझा मेसेज आला आणि माझी काळजी तिथूनच सुरू झाली. फोनवर बोलायला घेतलं की तुझ्याकडे मुलांची शाळा, माझ्याकडे गॅसवर कुकर. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

तिकिटाबरोबर आपण बुक करतो ती खुर्ची नसते, नुसती विनंती असते. ती एअरलाइनच्या संगणकात जाते, तिथून इथल्या ग्राउंड हँडलिंग कंपनीकडे, मग रात्रपाळीच्या सुपरवायझरच्या यादीत, आणि शेवटी खुर्ची ढकलणाऱ्या एका पोराकडे. आईचं विमान लागतं त्याच वेळी तो पोरगा दुसऱ्या विमानाच्या दारात असला, तर संगणकातली विनंती जागच्या जागी आणि आईही जागच्या जागी.

तुमच्या फ्रँकफुर्टच्या विमानतळावरून इथल्या बंगळूरचा अंदाज बांधू नकोस. युरोपात २००६ सालच्या ११०७ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे ही जबाबदारी विमानतळ चालवणाऱ्यांची आहे. विमान कोणत्याही कंपनीचं असो, खुर्च्या आणि माणसं पुरवायची ती विमानतळाने. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ती एअरलाइनवर टाकली आहे: विमानापासून टर्मिनलच्या बाहेर पडेपर्यंत, एक पैसा जादा न घेता. ४८ तास आधी कळवायची अट मात्र दोन्हीकडे तीच. म्हणजे आई निघणार एकाच्या हातून आणि उतरणार दुसऱ्याच्या हातात. तिकडे सगळं सुरळीत झालं, याचा इकडे काही उपयोग नाही.

मुंबईची ती बातमी तुला आठवत असेल. १२ फेब्रुवारी २०२४. न्यूयॉर्कहून एअर इंडियाने आलेलं वयस्कर जोडपं. दोघांसाठीही व्हीलचेअर सांगितलेली, मिळाली एक. तीत बायकोला बसवलं आणि ऐंशी वर्षांचे ते गृहस्थ मागून चालत निघाले. इमिग्रेशनपर्यंत पोचले, कोसळले आणि गेले. कंपनीचं म्हणणं असं, की खुर्च्यांना मागणी फार होती, त्यांना थांबायची विनंती केली होती, त्यांनीच बायकोबरोबर चालत जायचं ठरवलं. डीजीसीएने ३० लाखांचा दंड केला. मला तो खुलासा खोटा वाटत नाही, आणि म्हणूनच जास्त त्रास होतो. आपले बाबा असते तर त्यांनी तरी दुसरं काय केलं असतं? परक्या गर्दीत बायकोला कोणीतरी ढकलत पुढे नेतंय आणि नवरा दारात उभा राहून वाट बघतोय, हे होणारच नाही. थांबा म्हणणाऱ्याने कुठे थांबायचं, किती वेळ, आणि बायको पुढे कुठे भेटेल, हे सांगायला हवं. नाहीतर त्या थांबण्याला काही अर्थ नाही.

आता तुझ्याकडून काय हवं ते. तिकिटावर कोणता कोड पडलाय ते बघ. डब्ल्यूसीएच इथपर्यंत सगळे सारखे, बघायचं शेवटचं अक्षर. आर म्हणजे जिना चढता-उतरता येतो, फक्त लांब चालवत नाही. एस म्हणजे जिना जमत नाही, पण विमानात आपल्या सीटपर्यंत जाता येतं. सी म्हणजे सीटपर्यंतही उचलून न्यावं लागतं. आईला एस हवा. विमान एअरोब्रिजला लागलं तर फरक जाणवणारही नाही. पण लांब मोकळ्यावर उभं केलं, तर आरवालीला शिडी उतरून बसमध्ये चढायला लागतं आणि एसवालीसाठी खुर्चीसकट खाली उतरवणारी ॲम्ब्युलिफ्ट गाडी आणावी लागते. हे आईसमोर विचारू नकोस. ‘हळूहळू उतरते की मी’ म्हणेल आणि तू आर लिहून मोकळी होशील. एजंटावरही सोडू नकोस. स्वतः एअरलाइनला फोन कर, कोड मंजूर झालाय का ते विचार, आणि चेक-इनला परत विचार. चिकट बाई म्हणतील, म्हणू देत.

इथे आंतरराष्ट्रीय विमानं १२ सप्टेंबर २०२३ पासून टर्मिनल २ वर येतात. बांबूने मढवलेलं छत, वरून सोडलेली हिरवी झाडं, बागेतलं टर्मिनल म्हणून त्याचं कौतुक झालं आणि ते रास्तच आहे. मीही पहिल्यांदा गेले तेव्हा मान वर करूनच चालत होते. पण गुडघे गेलेल्या माणसाने त्या बागेचं अंतर मोजावं.

माझ्या सासूबाई दुबईहून आल्या तेव्हाचं त्यांच्या तोंडून ऐकलेलं सांगते. कंपनीचं नाव घेत नाही. एकच पोरगा दोन खुर्च्या नेत होता. सरळ वाटेवर दोन्ही हातांनी दोन्ही ढकलायचा. वळण आलं की एक भिंतीशी लावायची, दुसरी पुढे न्यायची, मग पळत मागे यायचं. इमिग्रेशनच्या अलीकडे त्याला वॉकीटॉकीवर बोलावणं आलं. ‘दोन मिनिट, अम्मा’ म्हणून त्याने सासूबाईंना खांबाशी लावलं, ब्रेक दाबला आणि गेला. तोंड भिंतीकडे, पर्स मागे खुर्चीच्या दांडीला अडकवलेली, तीत गोळ्या आणि फोन. मी बाहेर फोन लावतेय आणि तो त्यांच्या पाठीमागे वाजतोय. त्यांना ऐकू येत होता, हात पोचत नव्हता. त्या पोराला दोष द्यावासा मला वाटत नाही, त्याला दोनच हात. पण तेव्हापासून माझा नियम ठरलाय: पासपोर्ट, फोन, गोळ्या आणि चष्मा गळ्यातल्या छोट्या पिशवीत, पोटावर. खुर्चीला काही लटकवायचं नाही. आणि लघवीला जायचं असेल तर खुर्चीत बसल्या बसल्या सांगायचं, पुढे ‘नंतर, नंतर’ होतं.

सगळ्यात महत्त्वाचं, आईकडून घोकून घे. उतरायच्या तासभर आधी हवाईसुंदरीला आठवण करायची, म्हणजे ते खाली निरोप देतात. विमान थांबलं की सगळे उठतात, आईने उठायचं नाही. विमान रिकामं होऊ दे. कोणीतरी गोड आवाजात ‘मॅडम, बाहेर जरा बसा, खुर्ची येतेच आहे’ म्हणेल. तरी नाही म्हणायचं. प्रवासी आत असेपर्यंत क्रूला विमान सोडता येत नाही. ती माणसं दिवसभर उभी असतात, त्यांनाही हॉटेल गाठायचं असतं, त्यामुळे आईची खुर्ची यावी ही तळमळ त्यांना आपल्याइतकीच असते. दार ओलांडलं की तिच्यामुळे अडून राहिलेलं कोणी उरत नाही.

आता तिच्या लाजेचं. ‘मला काय धाड भरलीय, लोक काय म्हणतील’ हे ती म्हणणारच. उलट तू लिहिलंस की आपली माणसं धडधाकट असून खुर्ची मागतात, त्यामुळे खऱ्या गरजूंना मिळत नाही. ते खरं आहे, पण अर्धंच. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली सांगलीची किंवा इचलकरंजीची बाई आठव. पहिलंच विमान, इंग्रजी येत नाही, मध्ये कुठेतरी विमान बदलायचं. तिचे पाय ठणठणीत आहेत, तिला हवा आहे सोबती. तो फुकटात खात्रीने मिळण्याची वाट म्हणजे खुर्ची. विमानतळांवर पैसे भरून सोबत मिळते, पण ती घेणारे लोक वेगळे. एअरलाइन्सनी ‘चालू शकते, वाट दाखवा’ एवढीच नोंद मनापासून चालवली, चार माणसं त्यासाठी ठेवली, तर कितीतरी खुर्च्या मोकळ्या होतील. ते होईपर्यंत त्या बायकांना मी लबाड म्हणणार नाही.

आईला मात्र भाषेची भीती नाही. बेळगावचा सीमाप्रश्न निघाला की तावातावाने भांडणारी आपली आई, खुर्ची ढकलणारा पोरगा कानडी निघाला तर ‘यावूर तम्मा?’ म्हणून त्याचं गाव, आईबाप, लग्न सगळं काढून घेईल. आपल्या बेळगावकडचा, गोकाकचा निघाला तर बघायलाच नको. माझा तिच्यावर पूर्ण भरवसा आहे. तिच्याजवळ शंभराच्या दोन-तीन नोटा दे. युरो नकोत, ते त्याला बदलत बसावं लागतं. ही सेवा फुकटच आहे आणि कोणी मागितले तर देऊ नयेत. पण आपणहून चहापाण्याला दिले तर बिघडत नाही.

इमिग्रेशन झालं की तिने मला फोन लावायचा आणि त्या पोराच्या हातात द्यायचा. पुढचं मी बोलते. आम्हाला आत सोडत नाहीत, मी बाहेरच्या कठड्याशी असेन. पिकअपला गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत, म्हणून हे गाडीतच थांबतील.

आणि तुझी ती कल्पना, की लगेच सकाळच्या विमानाने बेळगाव. नको. ते तिकीट वेगळ्या कंपनीचं, इंडिगोचं, वेगळ्या पीएनआरचं. टर्मिनल २ च्या दारात पहिल्या कंपनीचा संबंध संपतो, इंडिगो सुटते टर्मिनल १ वरून, आणि मधल्या प्रवासात आई कोणाचीच नसते. वर बेळगावच्या सांबरा विमानतळावर पुन्हा शिडीचा प्रश्न आहेच. तिला माझ्याकडे आठवडाभर राहू दे, झोप होऊ दे. मग मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने खालच्या बर्थवर झोपवून तिला घरी पोचवते.

एवढं कर: कोड बघून स्क्रीनशॉट पाठव, सीट शक्यतो पुढची आणि बाथरूमजवळची घे, आणि फ्रँकफुर्टला तिला सोडलंस की लगेच कळव. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. आईच्या इथल्या सिमकार्डाला मी आज रिचार्ज मारलाय. माझा आणि यांचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेव. आणि हातातल्या सामानात चॉकलेटं भरू नकोस, ती मांडीवर घेऊन बसेल.