आरसा वर जातो तो क्षण

परवा रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पटांगणात एका तरुणाने मला गाठले. नुकताच नोकरीला लागलेला, आमच्या गायनवृंदात गाणारा हौशी मुलगा. म्हणाला, "अंकल, कॅमेरा घ्यायचा आहे. मोबाईलवर समाधान होत नाही. एक जुना डीएसएलआर स्वस्तात मिळतोय. किती मेगापिक्सेलचा असला म्हणजे चांगला?"

"संध्याकाळी घरी ये, सविस्तर बोलू," असे मी त्याला सांगितले. पण घरी परतताना माझ्या ध्यानात आले, की हाच प्रश्न एकेकाळी मीही विचारला होता. त्याचे उत्तर शोधताना माझ्याकडून दोन चुका घडल्या. त्यांपैकी एक पुढे सुधारता आली. दुसरी आता सुधारता येण्यासारखी नाही. कॅमेऱ्याची माहिती कुठेही मिळेल, परंतु या दोन चुका त्याला माझ्याकडूनच कळायला हव्यात, असे वाटून हे लिहायला बसलो आहे.

आमच्या घरातला पहिला कॅमेरा बाबांचा. अग्फा क्लिक थ्री. काळी, हलकी पेटी आणि पुढे एक छोटेसे भिंग. त्या काळी मध्यमवर्गीय घरांत हाच कॅमेरा दिसे. एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे निघत. बारा म्हणजे बाराच! गावच्या सणाचे एक, नाताळच्या गोठ्याचे एक, कुणाच्या स्नानसंस्काराचे एक, असे करीत रोल संपायला वर्ष लागे. बटण दाबण्यापूर्वी बाबा आम्हा भावंडांना उन्हात ओळीने उभे करीत आणि इतका वेळ न्याहाळत, की आमच्या डोळ्यांना पाणी येई. बाबा गेले. तो कॅमेरा कपाटात आहे आणि ती चित्रे आल्बममध्ये आहेत. त्यांतला प्रत्येक चेहरा मला नावानिशी सांगता येतो.

२०१० च्या नाताळात आखातातून सुटीवर आलेल्या माझ्या धाकट्या भावाने मला निकॉन डी ३१०० हा कॅमेरा भेट दिला. नवशिक्यांसाठी बनवलेला हा डीएसएलआर त्याच वर्षी बाजारात आला होता. डिजिटल छायाचित्रणाचे बीज पडले ते १९७५ साली. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने अवघ्या १०,००० बिंदूंचे चित्र टिपणारे यंत्र तयार केले आणि ते चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागले. माझ्या हातातला कॅमेरा एका क्षणात १ कोटी ४० लाखांहून अधिक बिंदू टिपत होता. १४.२ मेगापिक्सेल म्हणतात ते हेच. आठ बाय बारा इंचांचे उत्तम चित्र छापायला ९० लाखांच्या आतच बिंदू पुरतात. तेव्हा त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईल: मेगापिक्सेलची चिंता करू नकोस, कोणताही बऱ्यापैकी डीएसएलआर तुझी गरज भागवील.

डीएसएलआर या अक्षरांतला 'डी' डिजिटलचा, 'एसएल' एकाच भिंगाचा आणि 'आर' रिफ्लेक्सचा, म्हणजे आरशातून होणाऱ्या परावर्तनाचा. बाबांच्या कॅमेऱ्यात पाहण्याची खिडकी वेगळी आणि चित्र घेणारे भिंग वेगळे होते. डीएसएलआरमध्ये ज्या भिंगातून चित्र उमटते, त्याच भिंगातून छायाचित्रकार पाहतो. भिंगातून आत आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडून वर जातो आणि तेथून वळणे घेत डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा झटकन वर उचलला जातो, त्याच्या मागचा पडदा उघडतो, संवेदकावर प्रकाश पडतो, पडदा मिटतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. 'खट्ट' असा आवाज येतो तो या उघडझापीचा. सारे काही निमिषात आटोपते. तेवढ्या निमिषापुरता खिडकीत अंधार होतो. त्या अंधाराकडे तेव्हा माझे लक्ष गेले नव्हते.

पहिली चूक घडली ती २०११ च्या पुनरुत्थानाच्या जागरणविधीला. कॅमेरा नवा होता आणि उत्साह दांडगा होता. चर्चबाहेर नवा अग्नी पेटवला गेला, पास्काची मेणबत्ती उजळली आणि मिरवणूक अंधाऱ्या चर्चमध्ये शिरली. वर्षातून एकदाच येणारी ही घटका आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. दिवे मालवलेले, शेकडो माणसे श्वास रोखून उभी आणि त्या काळोखात एकच ज्योत पुढे सरकते आहे. मी बाकाच्या टोकाशी उभा होतो. कॅमेऱ्याची चकती हिरव्या खुणेवर, म्हणजे 'ऑटो'वर होती. सर्व निर्णय यंत्राने घ्यावेत, अशी ती सोय. यंत्राने आपल्या बुद्धीप्रमाणे ठरवले की येथे उजेड अपुरा आहे. मेणबत्ती माझ्यासमोर येताच कॅमेऱ्याच्या माथ्यावरचा फ्लॅश आपोआप उघडला आणि लख्खकन पेटला.

आसपासच्या माणसांनी डोळ्यांवर हात घेतले. मेणबत्ती धरलेले फादर क्षणभर थबकले. ते मला कधीच काही बोलले नाहीत, पण मागच्या बाकावरून एका वृद्ध स्त्रीचा उसासा ऐकू आला, तो आजही आठवतो. घरी येऊन चित्र पाहिले. पुढच्या माणसांच्या पाठी चुन्यासारख्या पांढऱ्या, मागे काळाकुट्ट अंधार आणि ज्योत जवळजवळ दिसेनाशी! त्या चिमुकल्या फ्लॅशचा उजेड काही पावलांपलीकडे पोहोचतच नाही. जवळचे तेवढे जाळतो आणि दूरचे बुडवतो. ज्या प्रकाशाचे चित्र घ्यायला मी गेलो होतो, तोच माझ्या उजेडाने पुसून टाकला होता.

मग मी शिकायला लागलो. नवशिक्याने शिकायचे ते मुळात तीन गोष्टींबद्दल. पहिली गोष्ट, भिंगातले छिद्र. ते डोळ्याच्या बाहुलीप्रमाणे लहानमोठे होते. त्याचे आकडे मात्र उलटे असतात. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे १८-५५ चे भिंग दूरचे जवळ आणताना ५.६ पर्यंतच उघडते. मी पुढे ३५ मिलिमीटरचे, १.८ पर्यंत उघडणारे साधे भिंग घेतले. त्याने सुमारे दहापट प्रकाश आत येतो. छिद्र मोठे केले की नजर रोखलेला चेहरा स्पष्ट राहतो आणि मागचा पसारा विरघळतो. दुसरी गोष्ट, पडदा किती वेळ उघडा राहतो ती. धावत्या मुलासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग हवा. स्थिर बसलेल्या माणसाला साठावा पुरतो, मात्र आपला हात स्थिर हवा. तिसरी गोष्ट, आयएसओ, म्हणजे संवेदकाकडून आलेला संकेत किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण. ते वाढवले की अंधारातही चित्र उजळते, पण चित्रात वाळूसारखे कण दिसू लागतात. या तिघांचे गणित तराजूसारखे आहे. एक पारडे हलवले की दुसरे सावरावे लागते.

चकतीवरचे 'ए' हे अक्षर नवशिक्याचा खरा मित्र. छिद्र आपण ठरवायचे, वेळ यंत्राने. आणखी एक खुबी आपल्या समाजातील छायाचित्रकारांनी अवश्य लक्षात ठेवावी. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सर्व जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे पहिल्या कम्युनियनच्या मुलींचे पांढरेशुभ्र झगे आणि नववधूचा वेष चित्रात मळकट दिसतो. अधिक-उणे अशी खूण असलेले बटण दाबून प्रकाश एका पायरीने वाढवला की शुभ्रता परत येते. पांढऱ्याला पांढरे म्हणायला यंत्राला शिकवावे लागते!

२०१३ च्या जागरणविधीला मी पुन्हा उभा राहिलो. फ्लॅश बंद केला. अंधारात नेम साधण्यासाठी कॅमेरा स्वतःहून पेटवतो तो छोटा दिवाही बंद केला. आवाज दबावा म्हणून 'क्यू'ची खूण लावली. छिद्र २, वेळ सेकंदाचा साठावा भाग, आयएसओ १६००. ज्योत एकाकडून दुसऱ्याकडे जात होती. एका मुलाने आपली मेणबत्ती आजोबांच्या मेणबत्तीला टेकवली आणि दोघांचे चेहरे उजळले, तेवढे एकच चित्र मी घेतले. त्यात कण आहेत, कडेला काळोख आहे, पण ज्योत ज्योतीच्या जागी आहे. माझी पहिली चूक येथे सुधारली.

दुसरी चूक घडली ती मात्र मी तरबेज झाल्यावर. त्याच वर्षी माझ्या मुलीचा पहिला कम्युनियन होता. तयारीच्या वर्गाचे शेवटचे सूचनापत्रक आले, त्यात आईवडिलांनी मुलांसोबत ख्रिस्तप्रसाद स्वीकारावा, असे लिहिले होते. मी ते वाचले होते. परंतु त्या दिवशी माझ्या मनात भिंगे, छिद्रे आणि उभे राहण्याच्या जागा होत्या. मुलगी रांगेतून वेदीकडे निघाली. तिच्या एका बाजूला तिची आई होती, दुसऱ्या बाजूला माझी आई. मी बाजूच्या खांबाजवळ एक गुडघा टेकून होतो. भक्तीने नव्हे, कोन साधावा म्हणून! तिने हात पुढे केले, मी बटण दाबले. चित्र अप्रतिम आले. झगा शुभ्र, पापण्या मिटलेल्या, तळहातावरचा ख्रिस्तप्रसाद सुस्पष्ट.

त्या दिवशी मी ३४० चित्रे घेतली. संध्याकाळी सारे कुटुंब ती टीव्हीवर पाहायला बसले. एका चित्रात मुलगी मान वळवून मागे, कुणीतरी असायला हवे अशा रिकाम्या जागेकडे पाहत होती. आई म्हणाली, "फोटो सुरेख आलेत रे. पण बाय तुला शोधत होती." मग मुलीनेच विचारले, "पप्पा, तुम्ही कम्युनियन घेतला नाही?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. रात्री झोप येईना, तेव्हा आरशाचा तो अंधार प्रथम माझ्या ध्यानात आला. ज्या निमिषाला चित्र उमटते, त्याच निमिषाला आरसा वर गेलेला असतो. संवेदकाला सारे दिसते, चर्चमधल्या प्रत्येकाला दिसते. फक्त खिडकीला डोळा लावून बसलेल्या माणसाला त्या घडीला काहीच दिसत नाही. माझ्या मुलीच्या ओंजळीत ख्रिस्तप्रसाद ठेवला गेला, ते मी पाहिलेले नाही. माझ्याकडे त्याचे चित्र आहे. दोन्हींत किती अंतर आहे, हे त्या रात्री कळले. तो दिवस पुन्हा येणार नव्हता.

त्यानंतर काही महिने कॅमेरा मी कपाटात, बाबांच्या अग्फाशेजारी ठेवून दिला. वसईच्या पावसाळी दमट हवेत भिंगांना बुरशी धरते, हे ठाऊक असूनही काढला नाही. पुढे आईनेच तो काढायला लावला. २०१४ च्या ऑक्टोबरात ती अंथरुणाला खिळली होती. जपमाळेचा महिना, गुरुवारची तिन्हीसांज. आम्ही तिच्या खोलीत रोझरीला बसलो होतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली दिलेली प्रकाशाची रहस्ये चालू होती. खिडकीतून मावळतीचा उजेड तिच्या बोटांवर आणि मण्यांवर उतरला होता. दुसरे रहस्य संपताच आईने माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "आता घे ना. उजेड चांगला आहे."

मी उठलो. ३५ चे भिंग, छिद्र २, आयएसओ ८००. दोनच चित्रे घेतली. फ्लॅश नाही, 'इकडे बघ' नाही. मग कॅमेरा खाली ठेवला, तिच्या उशाशी बसलो आणि उरलेली तीन रहस्ये तिच्यासोबत म्हटली. पुढल्या वर्षी ती प्रभूघरी गेली. तिच्या महिन्याच्या मिस्सेच्या कार्डावर त्या दोनांतलेच एक चित्र छापले. लोक चित्राची स्तुती करतात. मला मात्र चित्रापेक्षा, ते घेतल्यानंतर तिच्या आवाजात मिसळलेला माझा आवाज अधिक आठवतो.

संध्याकाळी तो तरुण आला. आजकाल आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचे युग आहे. निकॉनचा डी ६ २०२० साली आला, त्यानंतर त्या कंपनीने नवा डीएसएलआर काढलेला नाही. म्हणूनच जुने कॅमेरे स्वस्तात मिळतात आणि शिकायला ते आजही उत्तम आहेत. मी त्याला म्हटले, कॅमेऱ्यावर कमी खर्च कर, भिंगावर जास्त. घेण्यापूर्वी भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, ते पाहा. पडदा आजवर किती वेळा उघडला आहे, ते विचार. घरी हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेव. फ्लॅश बंद ठेवायला आधी शीक. चर्चमध्ये फादरांची परवानगी घे, आणि रूपांतराच्या वेळी कॅमेरा खाली असू दे.

त्याने सारे वहीत उतरवून घेतले. निघताना म्हणाला, "अंकल, पहिले काम ठरले आहे. धाकट्या बहिणीचा कम्युनियन आहे. फोटो मीच काढणार."

मी त्याला पुन्हा बसवले. मुलीच्या त्या दिवसाची हकिकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी मी म्हटले, "त्या दिवशी कॅमेरा माझ्याकडे दे. तू बहिणीबरोबर रांगेत जा."