कोर्लईची ‘नौ लिंग’

ठाण्याचा तुरुंग म्हणजे मूळचा पोर्तुगीजांचा किल्ला; आणि गंमत अशी की ‘तुरुंग’ हा शब्दही त्यांचाच! १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ साली चिमाजीआप्पांनी वसई घेतली आणि फिरंगी गेला. पगार, चावी, बादली हे त्याचे शब्द आम्ही डोंबिवलीकर आपलेच समजून वापरतो. त्याची भाषा मात्र ठाण्यात कुणाच्या तोंडी उरली नाही. ती ऐकायची तर रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईला जावे, असे वाचले होते. गेल्या माघात मी आणि सौ. पनवेलहून एस.टी.ने निघालो.

रेवदंड्याला रस्ता जुन्या पोर्तुगीज तटातूनच आत शिरतो. पुढे कुंडलिकेचा पूल ओलांडला की कोर्लई. समुद्रात घुसलेला डोंगर, त्यावर किल्ला, पायथ्याशी होड्या, सुकत घातलेली मासळी आणि माउंट कार्मेलमातेचे चर्च. वास सोसवला तर गाव फार देखणे आहे.

१७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल सोडले. इथली ख्रिस्ती वस्ती मागे राहिली. धर्मामुळे शेजाऱ्यांशी सोयरीक नाही, जातीमुळे इतर ख्रिस्त्यांशीही फारशी नाही. मग घरातली बोली घरातच टिकली. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी! तीन शतकांच्या शेजाराने भाषेलाही आपल्या पंगतीला बसवले म्हणायचे.

एका ओटीवर आजी कोलंबी सोलीत होत्या. “बसा, उन्हाचं आलात,” म्हणाल्या, अगदी आपल्या कोकणी मराठीत. तेवढ्यात नातवाला हाक मारून काहीतरी सांगितले. त्यातले एक अक्षर आम्हांला कळेल तर शपथ! नातू आतूनच ओरडला, “आणतो गं, थांब!”

“तो मराठीतच बोलतो?” सौ.ने विचारले.

“समजतं त्याला सगळं. शाळा मराठी, मित्र मराठी. थोरला मुंबईला नोकरीला. त्याची पोरं तर इंग्रजी झाडतात.” आजी हसल्या. “मी आहे तोवर त्यांना ऐकावं लागेल.”

नातू पाण्याचा तांब्या घेऊन आला. आजींनी पुन्हा काही म्हटले. या वेळी तो आमच्याकडे पाहून लाजला आणि हळूच दोन शब्द त्यांच्याच बोलीत पुटपुटला.