जे आधी होईल ते

जुनी पेट्रोल गाडी घेतली तेव्हा अम्मी म्हणाली, "चला, दवाखान्यासाठी रिक्षा शोधणं सुटलं." शाळा घरापासून तीन किलोमीटर. वर्षात जेमतेम चार हजार किलोमीटर झाले, म्हणून ऑइल बदलायचं मनातही आलं नाही.

रमजानमध्ये अम्मीला तपासणीला नेताना तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला. 'पोहोचल्यावर बघू,' असं म्हणून मी गाडी दामटणार, तोच भाचा ओरडला, "मामू, आधी इंजिन बंद करा!" अम्मीला शेवटी रिक्षानेच पाठवावं लागलं.

मेकॅनिकने डिपस्टिक काढली. टोकालासुद्धा तेल नव्हतं. "सर, हा दिवा म्हणजे ऑइलचं प्रेशर गेलं. अजून थोडं चालवलं असतं तर इंजिन जाम झालं असतं. शिवाय इतक्या कमी अंतरात इंजिन पुरतं तापत नाही, पाणी आणि पेट्रोल तेलातच राहतं. गाडी कमी चालली तरी तेल खराब होतंच."

घरी येऊन पुस्तिका उघडली. १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. दोन भाषा शिकवणाऱ्या माझ्या नजरेतून हे शेवटचे चार शब्दच सुटले होते.

आता दर रविवारी सपाट जागेवर, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून डिपस्टिक काढतो, पुसतो, पुन्हा घालून बघतो. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. ऑइल बदलताना फिल्टरही बदलतो.

तरी दवाखान्याला निघताना अम्मी विचारतेच, "तेल बघितलंस ना?"