आत्याचा आजार

दादाचं हिमोग्लोबिन सारखं उतरत होतं. चाळिशीतला माणूस, बसून काम, तिखट खाणं. मूळव्याधीतून रक्त जात असेल असं धरून लोहाच्या गोळ्या चालू राहिल्या. शेवटी कोलोनोस्कोपी झाली आणि मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला कॅन्सरची गाठ निघाली.

ऑपरेशननंतर गाठीच्या तुकड्याची आणखी एक तपासणी झाली. पेशींचं विभाजन होताना डीएनएची नक्कल होते. त्या नकलेत राहिलेल्या चुका दुरुस्त करणारी काही प्रथिनं शरीरात असतात. त्यांतलं एमएसएच२ हे प्रथिन दादाच्या गाठीत नव्हतंच. मग रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि निदान आलं : लिंच सिंड्रोम, म्हणजे या दुरुस्तीच्या जनुकातला आनुवंशिक दोष.

समुपदेशक बाईंनी आमची तीन पिढ्यांची वंशावळ काढली. आजोबा पोटात गाठ होऊन गेले होते. बाबा हृदयविकाराने लवकर गेले, त्यामुळे त्यांच्यात हा दोष असून कधी दिसलाच नाही. मग बाईंनी आत्याबद्दल विचारलं. आत्या गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. तो ‘बायकांचा आजार’, त्याचा आजोबांच्या दुखण्याशी संबंध असेल हे आमच्या कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पण लिंचमध्ये आतड्याच्या खालोखाल धोका असतो तो गर्भाशयालाच. १८९५ साली अमेरिकेत अ‍ॅन आर्बर इथे शिवणकाम करणाऱ्या एका बाईने डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं होतं, की आमच्या घरची माणसं पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. आणि ती गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. हे वाचलं तेव्हा मला रात्रभर आत्या दिसत राहिली.

सख्ख्या भावंडांत हा दोष येण्याची शक्यता निम्मी. माझ्यात आला, धाकट्या बहिणीत नाही. दोष आहे म्हणजे कॅन्सर झालाच असं मुळीच नाही. आता माझी ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी होते. आदल्या दिवशीचं ते पोट साफ करायचं औषध नकोसं होतं, पण पॉलिप दिसला की तिथल्या तिथे काढून टाकतात. कॅन्सर होण्याआधीच त्याची वाट अडवता येते, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

अडतं ते आतेभावापाशी. ‘आईला पोटाचा नव्हता,’ तो म्हणतो, ‘आणि मुलीचं लग्न जमवायचंय, तू हे कुठे बोलू नकोस ताई.’ त्याची भीती मला कळते, पण पटत नाही. आधी त्याने स्वतःची तपासणी करावी. त्याच्यात हा बदल नसेल तर त्याच्याकडून मुलीत येणारच नाही. असेल तर तिची तपासणी आत्ताच हवी, कारण या दोषात कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीतच सुरू करतात. दादाचा रिपोर्ट मी त्याला पाठवला आहे. दर भेटीत विचारते. त्याला राग येतो. येऊ दे.