रेघा आणि गारा

युरोपातल्या वादळांचे अंदाज देणाऱ्या ‘एस्टोफेक्स’चा नकाशा उघडला की अख्खा युरोप समोर येतो. त्यावर वेड्यावाकड्या रेघा आणि 1, 2, 3 असे आकडे. 2002 साली हवामानशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांनी हौसेने सुरू केलेला हा उद्योग आजही बिनपगारीच चालतो. दोन सेंटिमीटरची गार, सेकंदाला 25 मीटरचा वारा, ढगफुटीसारखा पाऊस किंवा टोर्नेडो, यांपैकी काहीतरी होण्याची शक्यता जिथे वाटेल तिथे रेघ. आकडा जितका मोठा तितका धोका जास्त. 3 हा आकडा क्वचितच दिसतो.

नकाशाखालच्या मजकुराला त्या दिवशी रेघा ओढणाऱ्याचे नाव असते, हे मला विशेष आवडते. सरकारी पत्रकात शक्यता नेहमी ‘वर्तवण्यात आलेली’ असते. कुणी वर्तवली, देव जाणे.

*

स्पेनच्या पठारावर उन्हाळ्यात हवा भाजून निघते. ती कोरडी, गरम हवा दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर फ्रान्सवर येते, पण जमिनीलगत नाही. दीड-दोन किलोमीटर उंचीवरून. खाली ओलसर हवा असते. वरचा गरम थर तिला चढू देत नाही. दिवसभर ऊन खाऊन खालची हवा तापत राहते आणि कुकरची शिट्टी दाबून धरावी तसा प्रकार होतो.

झाकण फार घट्ट असले तर संध्याकाळपर्यंत आकाश निळेच राहते आणि अंदाज देणाऱ्याची टवाळी होते. फार सैल असले तर सकाळीच फुटकळ सरी पडून ऊर्जा वाया जाते. वाईट दिवस तो, ज्या दिवशी झाकण दुपारी चार-पाच वाजता एखाद्याच ठिकाणी उचकटते. तिथल्या ढगाला आसपासची सगळी ओल एकट्याला मिळते.

त्यात वारा उंचीबरोबर दिशा आणि वेग बदलत असेल तर आणखीच. आपल्याकडच्या वळवाच्या ढगात पाऊस बहुधा वर चढणाऱ्या झोतातूनच खाली कोसळतो आणि तास-दीड तासात ढग स्वतःचाच गळा आवळतो. वारा बदलता असला की पाऊस बाजूला पडतो, झोत मोकळा राहतो, फिरू लागतो आणि तासन् तास जगतो. त्याला सुपरसेल म्हणतात.

नवशिके नकाशावर ऊर्जेचा मोठा आकडा बघून हुरळतात. जाणते आधी झाकण बघतात.

*

हे झाकण मोजणारे निरीक्षणाचे फुगे मुख्यतः 00 आणि 12 यूटीसीला सोडतात. 12 यूटीसी म्हणजे मध्य युरोपात उन्हाळ्यात दुपारचे दोन. फुगा वर जाऊन माहिती हाती येईतो आल्प्सच्या अंगाने ढग उभे राहू लागलेले असतात.

*

18 ऑगस्ट 2022. भल्या सकाळी भूमध्य समुद्रावरून वादळांची एक रांग कोर्सिकावर आदळली. मारिन्याना इथे वाऱ्याचा झोत ताशी 224 किलोमीटर नोंदला गेला. ऐन सुट्टीचा हंगाम, झाडांखाली तंबू. तिथून रांग उत्तर इटली ओलांडून ऑस्ट्रियात पोचली. वाटेत सगळे मिळून 12 बळी गेले. शेकडो किलोमीटर सरळ वाऱ्याने झोडपत जाणाऱ्या अशा वादळाला ‘डेरेचो’ म्हणतात.

आदल्या दिवशीच्या संगणकी मॉडेलांनी हे दाखवले नव्हते. कोर्सिकासाठी केशरी इशारा निघाला तेव्हा वादळ बेटावर आलेले होते. फ्रान्समध्ये साहजिकच ओरड झाली. हवामान खात्याने सांगितले की मॉडेलांवरून याची कल्पना येत नव्हती. हे लोकांना सबब वाटले. मला ते खरे वाटते. समुद्रावर निरीक्षण केंद्रे विरळ, आणि पाण्याचे तापमान त्या उन्हाळ्यात सरासरीपेक्षा कितीतरी वर गेलेले. मात्र ज्या बेटावर हजारो लोक कापडाखाली झोपतात, तिथे ‘शक्यता कमी, पण झाले तर भयंकर’ एवढे वाक्य आदल्या रात्री सांगायची सोय हवी. पिवळा, केशरी, लाल या तीन रंगांत ते वाक्य बसत नाही.

*

अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअरमधला जॉन फिन्ली 1884 मध्ये टोर्नेडोचे अंदाज देऊ लागला. 2803 अंदाजांपैकी 2708 बरोबर, म्हणजे 96.6 टक्के. वा! मग गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने हिशेब मांडला: रोज डोळे मिटून ‘टोर्नेडो होणार नाही’ म्हटले असते तर 98.2 टक्के बरोबर आले असते. फिन्लीने ‘होणार’ म्हटले 100 वेळा. झाले त्यातले 28.

तरी मी फिन्लीच्या बाजूने. न बोलणाऱ्याचे 98 टक्के कुणाच्या कामाचे?

*

‘युरोपात टोर्नेडो होत नाहीत’ हे युरोपातच कैकदा ऐकायला मिळते. खंड सरकतात असे सांगणाऱ्या आल्फ्रेड वेगेनरने 1917 मध्ये युरोपातल्या टोर्नेडोंवर आणि जलस्तंभांवर अख्खे पुस्तक लिहिले होते. खंडांचे त्याचे म्हणणे आधी हसण्यावारी गेले आणि नंतर गाजले. हे पुस्तक मात्र विस्मरणात गेले. निकोलाय डोट्सेक या जर्मन संशोधकाने ते पुन्हा पुढे आणले आणि पुढाकार घेऊन 2006 मध्ये ईएसएसएल ही वादळांचा अभ्यास करणारी युरोपीय संस्था उभी केली.

24 जून 2021 ला चेकियाच्या दक्षिण मोराव्हियात टोर्नेडोने सुमारे 27 किलोमीटरच्या पट्ट्यात गावे उद्ध्वस्त केली. सहा माणसे गेली.

*

बेल्जियम, पुकलपॉप संगीत महोत्सव, 18 ऑगस्ट 2011. काही मिनिटांचे वादळ, कोसळलेले मंडप, पाच मृत्यू. (पुन्हा 18 ऑगस्ट, निव्वळ योगायोग.) ‘दुपारनंतर जोरदार वादळांची शक्यता’ असे वाचून संयोजकाने हजारोंच्या गर्दीला नेमके कधी आणि कुठे हलवायचे?

*

उत्तर इटली, जुलै 2023. 19 तारखेला 16 सेंटिमीटरची गार, युरोपातला विक्रम. तो पाच दिवस टिकला. 24 तारखेला आझ्झानो देचिमो गावात 19 सेंटिमीटरची पडली.

कुठलेही मॉडेल अमुक गावात एवढी गार पडेल असे सांगत नाही. फार तर मोठ्या गारांना पोषक हवा कुठे आहे ते सांगते. बाकीचे कळते पडून गेल्यावर, तेही कुणी ती वितळायच्या आत उचलली तर. म्हणून नोंदी गोळा करणारे विनवतात: गार मोजा, शेजारी काहीतरी ठेवून फोटो काढा, जमल्यास फ्रीजरमध्ये टाका. लोक शेजारी नाणे ठेवतात. युरोचे नाणे इटलीत नि ऑस्ट्रियात सारख्याच मापाचे, हंगेरीत मात्र फोरिंट. पट्टीच बरी.