पाणी शोधलं, पुणे सापडलं

‘पाणी’ हा शब्द टाकला आणि समोर ‘पुणे’ आलं! ओळीच्या ओळी पुण्याच्या. पुण्याला नोकरीला गेलेली मुलं, पुण्याची एसटी, पुण्याचे पाहुणे. मी डोळे चोळले, पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुणे. त्या एका घोळातून पुढच्या चार दिवसांत मला जे गवसलं, ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

पाटण खोऱ्यातल्या जुन्या माणसांच्या आठवणी मी बरीच वर्षं टाइप करून ठेवतोय. कोयना धरण, पाण्याखाली गेलेली गावं, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप. शेकडो वर्ड फायली, आणि हवं ते वाक्य ऐनवेळी कधीच हाताला लागत नाही. सगळं एका जागी ठेवून शोधता येईल असा डेटाबेस हवा होता. इलॅस्टिकसर्च, पोस्टग्रेस अशी मोठी नावं वाचून दडपलो होतो. कराडच्या भाचीला फोन केला. ती म्हणाली, “मामा, तुमचं सगळं मिळून एका पेनड्राइव्हवर मावतंय. त्याला सर्व्हर कशाला? एसक्यूलाइट घ्या. तुमच्या फोनमध्ये ते आत्ताही चालू आहे.”

आणि खरंच होतं की! रिचर्ड हिप यांनी 2000 साली जगापुढे ठेवलेला, कुणीही फुकट वापरावा असा डेटाबेस. अख्खं भांडार म्हणजे एकच फाइल. नेट नको, सर्व्हर नको. त्यात एफटीएस5 नावाची सोय आहे. ती पुस्तकामागच्या शब्दसूचीसारखी प्रत्येक शब्द कुठे कुठे आलाय याची सूची आधीच करून ठेवते, त्यामुळे शोधताना पानं उलटावीच लागत नाहीत. समर्थ रामदासांचं चाफळ आपल्याच तालुक्यातलं, म्हणून पहिला प्रयोग दासबोधावर केला. 20 दशक, 200 समास, 7,751 ओव्या, एका ओवीला एक नोंद. शब्द टाकून एंटर दाबलं, बोट उचलायच्या आत उत्तर!

मग माझी टिपणं भरली, ‘पाणी’ टाकलं, आणि पुणे आलं.

कारण कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. संगणकाच्या लेखी ‘पाणी’ म्हणजे चार चिन्हं: प, काना, ण, दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये प आणि ण ‘अक्षर’ या वर्गात, तर काना-वेलांट्या ‘खूण’ या वेगळ्या वर्गात. एफटीएस5 शब्द तोडताना, काही न सांगितल्यास, अक्षरं आणि अंक तेवढे धरतं. खुणा म्हणजे त्याला मोकळी जागा! म्हणून ‘पाणी’चं झालं प-ण आणि ‘पुणे’चंही प-ण. कोयनेचं क-यन, पाटणचं प-टण. उपाय काय, तर सूची बनवतानाच्या एका ओळीत ‘एम’ हा खुणांचा वर्गही शब्दात धरा असं लिहायचं. लिहिलं. पुणे गेलं, पाणी आलं!

पण ‘पाण्याला’, ‘पाण्यात’ कुठाय? आपला शब्द विभक्ती लागली की रूपच बदलतो. पोस्टग्रेसमध्ये हिंदी, नेपाळी, तमिळ शब्दरूपांचे नियम तयार मिळतात, मराठीचे मिळत नाहीत. तेवढ्यात एफटीएस5 मधलाच ट्रायग्रॅम सापडला, 2020 च्या अखेरीस आलेला. तो शब्द बघतच नाही, मजकुराचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून ठेवतो. फाइल फुगते, फुगू दे. आता नुसतं ‘पाण’ टाकायचं की पाणी, पाण्याला, पाणवठा, पाणलोट सगळे हजर. एखादा ‘कृपाण’ही येतो, येऊ दे. ‘देऊळ’चं ‘देवळात’ मात्र त्यालाही जमत नाही, तिथं दोन्ही शब्द टाकावे लागतात.

मग शुद्धलेखन. कुणी ‘भूकंप’ लिहिलाय, कुणी ‘भुकंप’. ‘विहीर’ सगळ्यांना नीट लिहिता येते, पण ‘विहिरीत’ आली की वेलांटी ऱ्हस्व होते. म्हणून मूळ मजकुराला हात न लावता शेजारी दुसरा रकाना केला, त्यात ऱ्हस्व-दीर्घ एकच केले. शोधायचा शब्दही आधी तसाच करून घ्यायचा. जुन्या कागदांतल्या ‘गांव’, ‘नांव’साठी अनुस्वारही सरसकट काढणार होतो, पण थांबलो: कंपाचा कप झाला असता! त्याऐवजी तसे जुने शब्द हातानं एका यादीत घातले. आणि ‘दऱ्या’! या डोंगरी तालुक्यातला रोजचा शब्द, पडद्यावर एकसारखाच दिसणारा, पण आत दोन तऱ्हांनी साठवलेला. एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारं जोडचिन्ह. तेही एक केले.

काल रात्री ‘कंप’ टाकलं. भूकंप आले, भुकंप आले, कंपनी आली, आणि म्हाताऱ्यांच्या तोंडचा ‘धरणीकंप’ आला. तो शब्द मीच टाइप केलेला, विसरून गेलेलो. मग ‘धरण’ टाकलं. धरणाचा, धरणग्रस्त, आणि पुन्हा धरणीकंप, कारण धरणीच्या पोटातही ‘धरण’ आहेच! मी कितीतरी वेळ त्या यादीकडे बघत बसलो. धरणाच्या पाण्याचा आणि या हादऱ्यांचा संबंध शोधायला गोठणे गावात सुमारे 3 किलोमीटर खोल भोक पाडलंय, कराडला त्यासाठी प्रयोगशाळा आहे. आणि इथं माझ्या जुन्या लॅपटॉपवर, तीन चिन्हांच्या जुळणीनं, धरणाच्या आठवणी आणि धरणीकंपाच्या आठवणी एकाखाली एक लागल्या होत्या. एक म्हातारी दोन्ही याद्यांत होती. तिचं सगळं बोलणं मी सलग असं पहिल्यांदाच वाचलं.

आता ‘हेळवाक’ हे गावाचं नाव टाकून बघतोय. निम्म्या टिपणांत मी ‘हेलवाक’ लिहिलंय. ळचा ल करून टाकला तर ‘काळ’ आणि ‘काल’ एक होतील, म्हणून ते नको. गावांच्या नावांची वेगळी यादीच करायला घेतलीय.